वळण

मुलांच्या पाटीवरील अक्षरांना वळण लावण्यात ज्याच्या आयुष्याची अडतीस वर्षे गेली, त्याला ‘वळण’ ह्या शब्दाविषयी काही विशेष ममत्व वाटावे ह्यात नवल नाही. रस्ता जेथे दिशा बदलतो ते वळण. अक्षराचा जो घाट, तेही वळण. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या स्वभावाला जी शिस्त लावायची, तिलाही आपण वळणच म्हणतो. सुरतेच्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेत हे तिन्ही अर्थ मी वर्षानुवर्षे उच्चारीत आलो. परंतु ते तिन्ही एकाच क्षणी, एका तेरा वर्षांच्या मुलाच्या संदर्भात माझ्यापुढे येऊन उभे राहतील, असे मला कधी वाटले नव्हते. शनिवार, ५ ऑगस्ट २०२३ रोजी, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतीच्या मार्गावर, पहिल्या वळणातून बाहेर पडताना, श्रेयस हरीश हा बंगळूरचा मुलगा मोटारसायकलवरून पडला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली.

ही बातमी मला वर्तमानपत्रातून कळली नाही. सुरतेतल्या उधन्यास आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसे गॅरेज आहे. तेथे काम करणारा तरुण माझ्याच शाळेतला. त्याचे वडील नंदुरबारकडून भुसावळ-सुरत गाडीने ह्या शहरात आले आणि लूम्सच्या खात्यात त्यांनी सारे आयुष्य काढले. यंत्रमागांच्या त्या गदारोळात ताण्यातला एक धागा तुटला तरी त्यांना तो आवाजावरून कळे, असे त्यांच्याबरोबरचे कारागीर सांगत. तो कान मुलाकडे वारशाने आला असावा. शाळेत त्याचे अक्षर फार वाईट होते आणि ते सुधारणे मला साधले नाही. पण बंद पडलेले इंजिन समोर आले, की तो त्याच्याजवळ मान तिरकी करून क्षणभर उभा राही आणि नेमका बिघाड सांगे. त्याला रात्री रस्त्यावर गाडी पळविण्याचा नाद नव्हता. नाद होता तो बंदिस्त मार्गावरील शर्यती पाहण्याचा. कोणत्या देशात कोणता मुलगा कितव्या क्रमांकाने आला, हे त्याला आपल्या नातेवाइकांच्या लग्नतिथींपेक्षा अधिक ठाऊक असे.

त्या शनिवारी संध्याकाळी पावसाची झड लागली होती. एरवी दूध आणण्याचे काम माझा नातू करी. पाऊस होता म्हणून त्या दिवशी मीच छत्री घेऊन गेलो होतो. गॅरेजसमोरून परतत असता त्या तरुणाने हाक मारली. “गुरुजी, श्रेयस गेला,” एवढेच तो म्हणाला, आणि ते अशा स्वरात, की आमच्याच गल्लीतील कोणी मूल दगावले असावे असे मला वाटले. “कोण श्रेयस?” मी विचारले. त्याने हात पुसून मोबाईल पुढे केला. शर्यतीच्या पोशाखातले एक लहान मूल त्यात होते. मी वय विचारले. “तेरा पूर्ण, गुरुजी. दहा दिवसांपूर्वीच वाढदिवस झाला.” माझा नातूही २०१० सालचाच. मी हातातील पिशवी सावरून तेथेच लाकडी बाकावर बसलो.

श्रेयसचा जन्म २६ जुलै २०१० चा. शर्यतीच्या जगात ‘बेंगळुरू किड’ ह्या नावाने तो ओळखला जाई. मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने लहान मुलांकरिता ‘मिनीजीपी’ नावाची स्पर्धा आखली आहे. तीत लहान चाकांच्या, १६० सीसीच्या, मुलांच्या अंगाला बेतलेल्या गाड्या असतात. ह्या स्पर्धेचे भारतातील विजेतेपद श्रेयसने मिळविले, स्पेनमध्ये जाऊन तो तेथील मुलांशी स्पर्धेत उतरला आणि दोन शर्यतींत पाचवा व चौथा आला. ज्या देशात मोटारसायकलच्या मैदानांची वाण नाही आणि जेथल्या मुलांना ही विद्या पोहण्यासारखी सहज लाभते, त्या देशात, ज्याच्या मातृभूमीत अशा मार्गांची गणना एका हाताच्या बोटांवर आटोपते अशा मुलाने चौथे येणे ही मी मोठी गोष्ट मानतो. २०२३ च्या हंगामात मोठ्या गाडीवर, राष्ट्रीय पातळीवरील नवोदितांच्या गटात, त्याने लागोपाठ चार शर्यती जिंकल्या होत्या. त्याच ऑगस्ट महिन्यात मलेशियातील सेपांगच्या मार्गावर अडीचशे सीसीच्या गटात तो उतरणार होता. आणि त्या शनिवारी सकाळी, पात्रतेच्या फेरीत, सर्वांहून वेगवान ठरून त्याने पहिल्या रांगेतील पहिले स्थान मिळविले होते. म्हणजे शर्यत सुटली तेव्हा त्याच्यापुढे कोणी नव्हते. बाकीचे सारे त्याच्या मागे होते.

‘कारकीर्द’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दफ्तरांतून आणि बखरींतून तो राजांच्या व पेशव्यांच्या अमदानीसाठी योजिला जाई. थोरले माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर बसले आणि १७७२ मध्ये थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारले. त्या अकरा वर्षांना कोणीही निःशंकपणे कारकीर्द म्हणतो, कारण तेवढ्या मुदतीत त्यांनी केलेल्या कामाचे कागद शिल्लक आहेत. आमच्या खानदेशातले उदाहरण घ्यायचे तर बालकवींचे घ्यावे. उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी धरणगाव स्टेशनात थांबते, तेव्हा १८९० साली ह्याच गावी त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले, हे मी डब्यातील मुलांना आजवर किती वेळा सांगितले असेल! ५ मे १९१८ रोजी, जळगावच्या पुढे भादलीच्या स्टेशनाजवळ, रूळ ओलांडीत असता गाडीखाली सापडून ते गेले, तेव्हा तेही सत्तावीस वर्षांचेच होते. परंतु त्यांच्या मागे कविता राहिल्या, आणि कविता मागे राहिली म्हणजे अल्पायुष्याचे दुःख काही अंशी तरी सहन करिता येते. शर्यतीत धावणाऱ्याच्या मागे काय राहते? काही मिनिटे, काही सेकंद आणि सेकंदाचे काही अंश. तेही दुसऱ्या कोणी मोडीपर्यंत. माझ्या मनात म्हणून प्रश्न उभा राहिला, की तेरा वर्षांच्या मुलाच्या ह्या एकदोन हंगामांना कारकीर्द म्हणावे काय? तो त्याच्या बालपणाचा एक खेळ होता, असे म्हणून हळहळावे आणि पुढे जावे, हे सोपे होते. पण गॅरेजातल्या त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने मला तसे पुढे जाऊ दिले नाही.

पुढील काही दिवस मी रोज संध्याकाळी तेथे जाऊन बसू लागलो. एकदा त्याने दुरुस्तीस आलेल्या एका गाडीचे मागचे चाक माझ्यापुढे फिरविले आणि टायरवर बोट ठेवून म्हणाला, “हे बघा, गुरुजी. मधोमध घासून सपाट झालंय, आणि दोन्ही कडांना अजून नव्यासारखे केस आहेत.” खरोखरच टायरच्या कडेला रबराचे बारीक तंतू, साच्यातून निघाले तसेच, उभे होते. सुरतेच्या सरळ रस्त्यांवर कामाला जाणाऱ्या माणसाचे टायर असेच असते. त्याची कड भुईला कधी लागतच नाही. मग त्याने मोबाईलवर शर्यतीच्या टायरचे चित्र दाखविले. त्याची झीज अगदी टोकाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तेथील रबर वितळून लहान लहान सुरकुत्यांनी गोळा झाले होते. “हे वळणाचं टायर,” तो म्हणाला. टायरचा भुईला टेकणारा भाग, गाडी केवढीही असो, तळहाताएवढाच असतो; आडवे झुकलेले मूल, त्याची गाडी आणि तिचा सारा वेग हे त्या दोन तळहातांवर तोललेले असतात. मला आणखी एक गोष्ट त्याच्याकडून शिकायला मिळाली, जी साठी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हती. वेगात असताना गाडी उजवीकडे वळवायची तर उजवी मूठ पुढे रेटावी लागते, म्हणजे पुढचे चाक निमिषभर डावीकडे फिरते आणि गाडी उजवीकडे कलते. वळण्यापूर्वी विरुद्ध दिशेस जावे लागते, हे ज्ञान श्रेयसच्या बाहूंत होते. मी ज्या वयाच्या मुलांना त्रैराशिक शिकवीत असे त्या वयात होते. हात, गुडघे, नजर आणि श्वास ह्यांच्या ह्या एकतानतेस आपल्या पूर्वजांनी विद्या म्हटले असते. ज्याला ती इतक्या लवकर साध्य झाली, त्याने तिच्यामागे घालविलेल्या दिवसांना कारकीर्द हा शब्द मी पूर्ण विचारान्ती लावतो.

परंतु विद्या लवकर पिकली म्हणून हाडे लवकर पिकत नाहीत. आणि जे मला सांगायचे आहे, ते येथून सुरू होते.

इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधला. १९९० पासून तेथे शर्यती होतात. त्याची एक फेरी पावणेचार किलोमीटरांच्या आतबाहेर भरते. त्याआधी ह्या शर्यती शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या विमानांच्या धावपट्टीवर, होत असत. धावपट्टीपासून खास बांधलेल्या मार्गापर्यंतचा हा प्रवास म्हणजे सुरक्षिततेकडचाच प्रवास होय. बंदिस्त मार्गावर समोरून वाहन येत नाही, म्हैस आडवी येत नाही, वळणाबाहेर मोकळी जागा असते, निशाणे घेतलेली माणसे ठायी ठायी उभी असतात. त्या दिवशीही शर्यत तत्काळ लाल निशाणाने थांबविण्यात आली, आघातावरील उपचारांची रुग्णवाहिका जागेवर सज्ज होती, मुलाचे वडील त्याच्याबरोबर होते. डोक्यास गंभीर इजा झालेल्या श्रेयसला जवळच्या रुग्णालयात नेले तेव्हा त्याचे प्राण गेलेले होते. त्या दिवशीच्या व दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. पडल्यानंतर करावयाचे ते सारे केले गेले. म्हणूनच मला वाटते, की विचार करावयाचा तो पडण्यापूर्वीचा.

हा विचार करू लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी प्रथम मला विपरीत वाटली. नवोदितांच्या शर्यतींत सर्वांना एकाच बनावटीची गाडी देण्याची पद्धत आहे. ह्यात न्याय आहे: श्रीमंताच्या मुलाला अधिक बलवान यंत्र मिळत नाही आणि गुणाची पारख निर्भेळ होते. शिक्षक ह्या नात्याने मला ही समता अत्यंत प्रिय आहे. परंतु यंत्रे सारखी आणि मुले जवळपास सारख्याच तयारीची असली, म्हणजे कोणी कोणापासून फार दूर जाऊ शकत नाही. पुढच्याच्या मागे वारा कमी लागतो म्हणून मागचा अधिकच चिकटून धावतो. आणि पंधरावीस गाड्यांचा तो घोळका, टायर अजून पुरते तापले नसताना, एकाच वेळी पहिल्या वळणात शिरतो. एकटा पडलेला रायडर बहुधा घसरत जातो, धूळ झटकतो आणि उठतो. घोळक्यात पडलेल्याच्या मागून येणाऱ्यास हात हलविण्याइतकाही अवधी नसतो. मागून येणाऱ्याचा तो दोष नव्हे. तोही मूलच असतो.

२९ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या मार्गावर पीटर लेन्झ नावाचा मुलगा गेला. त्याचेही वय तेराच होते, आणि तो पडल्यावर मागून येणाऱ्या गाडीखाली सापडला होता. त्यानंतर एका आठवड्याने, ५ सप्टेंबरला, इटलीत मिझानो येथे शोया तोमिझावा हा जपानी तरुण गेला. तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी कतारमध्ये ‘मोटो-टू’ ह्या नव्या जागतिक गटाची इतिहासातील पहिली शर्यत त्याने जिंकली होती. २०२१ साली तर एकाच हंगामात मे महिन्यात एकोणीस वर्षांचा जेसन डुपास्किए, जुलैत चौदा वर्षांचा ह्यूगो मियान आणि सप्टेंबरात पंधरा वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस असे तिघे गेले. तेव्हा कोठे जगातील शर्यतीच्या सूत्रधारांनी वयोमर्यादा वाढविण्याचा निर्णय घेतला, आणि जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत उतरण्यास किमान अठरा वर्षांची अट, काही अपवाद राखून, २०२३ पासून लागू केली. त्याच २०२३ सालच्या ऑगस्टात श्रेयस गेला. आणि तो गेल्यानंतर बरोबर पन्नास दिवसांनी, २४ सप्टेंबरला, दिल्लीजवळच्या बुद्ध मार्गावर भारतातील पहिली ‘मोटोजीपी’ शर्यत झाली. गॅरेजात त्या दिवशी बाके मांडून मुले ती पाहत होती. मार्को बेझेक्की जिंकला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजविल्या. माझा विद्यार्थी तेवढा उठून बाहेर आला आणि पान्हे पुसीत राहिला.

ह्या वयोमर्यादेवर त्याने मला जो प्रश्न विचारला, तो मी टाळणार नाही. “गुरुजी, अठरा वर्षांनी सुरुवात केली तर कोण पोहोचणार? मार्क मार्केझ पंधराव्या वर्षी जागतिक शर्यतीत उतरला, म्हणून विसाव्या वर्षी मोटोजीपीचा जगज्जेता झाला ना?” त्याचे म्हणणे खरे आहे. संगीतात, कुस्तीत, पोहण्यात जे सत्य तेच येथेही आहे. अंगाची विद्या अंग कोवळे असतानाच मुरते. म्हणून मुलाने लवकर शिकू नये असे मी म्हणत नाही. लहान चाकांवर, लहान मैदानात, कमी वेगात, वस्तादाच्या नजरेखाली त्याने हवे तेवढे शिकावे. पडावे, उठावे, पुन्हा पडावे. कोल्हापूरच्या तालमीत लहान पोर लाल मातीत रोज घुमते, पण वस्ताद त्याला भरल्या अंगाच्या पैलवानावर सोडीत नाही, आणि पोराने कितीही हट्ट केला तरी सोडीत नाही. शिकण्याचे वय आणि झुंजीचे वय ह्यांत जे अंतर ठेवावयाचे, ते ठेवण्याचा अधिकार मुलाच्या हाती नसतो, कारण तेरा वर्षांच्या हुशार मुलाला नेहमीच वाटते की आपण तयार आहोत. श्रेयसला तर तसे वाटण्यास चार विजयांचा आधारही होता.

अशा मृत्यूनंतर अभिमन्यूची उपमा देण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ती देणार होतो. पण द्रोणपर्वातला तो प्रसंग मनाशी आठवू लागलो, तेव्हा ती कथा मला वेगळीच दिसू लागली. आपण ती मुलाच्या शौर्याची कथा म्हणून सांगतो. मला ती आता युधिष्ठिराची कथा वाटते. आत शिरण्याचा मार्ग त्या मुलाला येतो आणि बाहेर पडण्याचा येत नाही, हे त्याने स्वतः आपल्या तोंडाने सांगितले होते. ते ऐकूनही, आम्ही तुझ्यामागोमाग येऊ, असे म्हणून धर्मराजाने त्याला पुढे पाठविले. त्यात दुष्टपणा नव्हता. वात्सल्य होते, विश्वास होता, निकड होती. मागोमाग जाण्याची इच्छाही प्रामाणिक होती. परंतु चक्रव्यूहाच्या मुखाशी वडीलधाऱ्यांची वाट अडली आणि आत मूल एकटे राहिले. कोणा एका कुटुंबावर वा संस्थेवर बोट ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या पित्याने आपल्या मुलाचा गुण ओळखून त्यासाठी एवढी खटपट केली आणि ज्याच्या डोळ्यांदेखत तो गेला, त्याच्या दुःखापुढे माझ्यासारख्याने मान खाली घालून उभे राहावे. मी बोलतो आहे ते आपणा सर्वांविषयी, आणि प्रथम माझ्याविषयी.

ह्याच सुरतेत, १६६४ च्या जानेवारीत, शिवाजी महाराजांचे घोडदळ येऊन बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर उतरले. त्या स्वारांतील कित्येकांनी मिसरूड फुटण्यापूर्वीच घोड्यावर मांड ठोकली असेल, ह्यात मला शंका नाही, आणि आमच्या लोकांना मुलांच्या वेगाचे जे कौतुक आहे त्याचे मूळ त्या काळात असावे. पण घोडा आणि यंत्र ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. घोडा अडतो. पुढे खड्डा असला, पाय घसरू लागला, तर जनावर बहुधा कान मागे टाकून थांबते. स्वाराच्या शहाणपणात जे उणे असेल ते घोड्याच्या भीतीने भरून निघते. यंत्राला भीती नाही. मूठ पिळावी तेवढे ते जाते, आणि पिळणारा हात तेरा वर्षांचा आहे की तीस, हे त्याला कळत नाही. घोड्याने अडून जे काम केले ते आता माणसांनी केले पाहिजे.

आमच्या शहरास ही गोष्ट समजत नाही असे नाही. उत्तरायणाच्या दिवसांत, पतंगाच्या मांज्याने मान कापली जाऊ नये म्हणून, दुचाकीच्या दोन मुठींवर तारेची कमान उभारण्याची येथे रीत पडली आहे, आणि त्या सणाला उड्डाणपुलांवर दुचाकी नेण्यास पोलिसांचा मनाई हुकूम निघतो. लोक तो पाळतात. आपल्या स्वातंत्र्यावर घाला आला असे कोणी म्हणत नाही. दोराच्या बाबतीत ज्या शहराला मर्यादा कळते, त्याच शहरात रविवारी रात्री डुमसच्या रस्त्यावर मिसरूड न फुटलेली मुले, हेल्मेटवाचून, थोरल्या भावाची गाडी घेऊन पैज लावतात. श्रेयसला जे मिळाले होते त्यातले काहीही त्यांना मिळालेले नसते. वस्ताद नाही, पोशाख नाही, निशाण नाही, रुग्णवाहिका नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा पन्नास सीसीहून मोठ्या दुचाकीस अठरा वर्षांची अट घालतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तर अल्पवयी मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. कायदा आहे, कलम आहे, शिक्षा आहे. जे नाही ते घरातले ‘नाही’ म्हणणारे माणूस.

माझ्या घरातही ते नव्हते. वर मी लिहिले, की दूध आणण्याचे काम माझा नातू करी. तो ते स्कूटरवरून करी, हे मी वर लिहिले नाही. त्याच्या बारा वर्षांच्या वयापासून करीत होता. प्रथम मीच त्याच्या मागे बसून त्याला गल्लीच्या टोकापर्यंत नेले, नंतर मुख्य रस्त्यापर्यंत. त्याचा तोल चांगला आहे असे पाहून मला अभिमान वाटला, आणि शेजाऱ्यांस मी तो बोलूनही दाखविला. तोल खरोखरच चांगला होता. श्रेयसचाही होता. त्या शनिवारी रात्री जेवणानंतर मी नातवाला जवळ बोलावून किल्ली मागितली. “पण आजोबा, मी कधी पडलोय का?” त्याने विचारले. माझ्यापाशी ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी हात पुढे धरून राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेविली, आणि दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आता तो सायकलीने दूध आणतो. गॅरेजातल्या तरुणाने त्या सायकलीस नवे ब्रेक बसवून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

ज्यांच्या घरी असे मूल आहे आणि ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्या सुरतेतील माझ्या मराठी बांधवांना, मग ते लिंबायतचे असोत, डिंडोलीचे असोत की उधन्याचे, माझी विनंती आहे की त्यांनी आज रात्री मुलाकडून किल्ली मागून घ्यावी. मूल रुसेल, ते रुसू द्यावे. त्याच्या अंगात ती विद्या असेल, तर त्याला पुण्याच्या, कोइमतूरच्या किंवा चेन्नईच्या जाणत्या शिक्षकांकडे पाठवावे, लहान गाडीवर शिकू द्यावे, आणि घोळक्याच्या शर्यतीस किती वर्षे थांबवायचे हे स्वतः ठरवावे. ते ठरविण्याचा भार मुलावर टाकू नये.

माझ्या नातवास मी सांगितले आहे की त्याची किल्ली माझ्या कपाटात, शाळेच्या जुन्या दाखल्यांच्या पाकिटाजवळ, ठेविलेली आहे, आणि अठरा पूर्ण होऊन परवाना हाती आला की ती त्याला मिळेल. ते वर्ष २०२८. त्याच वर्षी, २६ जुलैला, श्रेयस हरीशलाही अठरा वर्षे पूर्ण झाली असती.